रझाकारीच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण : माझा अनुभव

हैदराबाद संस्थानात भारतीय सैन्य १३ सप्टेंबर १९४८ रोजी शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पण या पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीची रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांची, दहशत आणि नंतरचे दिवस ज्यांना कळत्या वयात भोगावे लागले, ती माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्याचा इतिहास लिहिला गेला आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या नळदुर्ग परिसरातील साध्या घरांच्या आठवणी मात्र माणसांबरोबरच जातील, या काळजीपोटी मी त्यांची संभाषणे आणि छायाचित्रे जतन करायला घेतली.

“रझाकारीत काय झालं?” असे थेट विचारले की बहुतेक जण मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत ऐकलेलेच सांगतात. “तेव्हा ज्वारी कुठं ठेवली होती?” असे विचारले की आठवण घरात शिरते. एका आजींनी पेवाचे, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याचे, तोंड कसे लिंपले, वर शेण पसरून तिथेच म्हैस कशी बांधली, हे हातांनी करून दाखवले आणि मग न विचारताच त्या रात्री सोलापूरकडे निघालेल्या बैलगाडीपर्यंत आल्या. छायाचित्र मी बोलणे झाल्यावरच काढते, कारण आधी कॅमेरा दिसला की चेहरा ताठ होतो. आजींचे ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीच्या जागेत, दारातून येणाऱ्या उजेडात काढले. लिंपणारे ते हात त्यात यायलाच हवे होते.

सर्वांत अवघड गेले ते एका मुस्लिम आजोबांचे संभाषण. पोलीस अ‍ॅक्शननंतर निरपराध मुसलमानांवरही सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नोंद केली आहे. आजोबांच्या वडिलांना शेजाऱ्यांनी कडब्याच्या गंजीत लपवले होते. ते सांगता सांगता त्यांनी यंत्र बंद करायला लावले. पुढच्या भेटीत ते स्वतःच पुन्हा बोलले, मात्र गावाचे नाव येऊ नये या अटीवर. ही बाजू वगळून केलेला संग्रह मला अपुराच नव्हे, तर अन्यायाचा वाटतो.

संमती मी सुरुवातीलाच सांगणाऱ्यांच्या आवाजात नोंदवते, मूळ मुद्रणाला कात्री लावत नाही आणि लिहून काढलेला मजकूर त्यांना वाचून दाखवते. प्रत्येक घरी एक प्रत देते. आजोबांचे मुद्रण, त्यांच्या इच्छेनुसार, ते हयात असेपर्यंत बाहेर कोणालाही ऐकवले जाणार नाही.