तुम्ही विचारलंत म्हणून: लिली डेलला मी का जाते

मामेबहिणीने विचारलं, इथल्या मराठी मंडळातल्या दोघीतिघींनी विचारलं, आणि सांगलीच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तर दर जूनमध्ये कोणीतरी विचारतंच. "तू सायन्सची, सगळी नोकरी प्रयोगशाळेत केलेली. मेलेल्यांशी बोलणाऱ्या लोकांच्यात काय करायला जातेस?" कोणाच्या आवाजात काळजी असते, कोणाच्या सरळ आरोप. आजवर "जागा छान आहे गं" म्हणून मी वेळ मारून नेली. जागा छान आहे हे खरंच आहे, पण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

लिली डेल काय आहे ते तुम्ही एव्हाना वाचलेलं आहे. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅसाडागा तलावाकाठी १८७९ पासून असलेली स्पिरिच्युअलिस्ट लोकांची, म्हणजे मेलेल्यांशी बोलता येतं असं मानणाऱ्यांची, वसाहत. मेलेल्यांचे निरोप सांगणारे मिडियम, त्यांचे संदेश, लाकडी घरांवरच्या पाट्या, हे सगळं तुम्ही व्हिडिओत पाहिलंत. पण ते व्हिडिओ सगळे जुलैचे असतात. जूनअखेर फाटकावर तिकीट सुरू होतं आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला, मोसम संपतो. पुढचे साडेनऊ महिने तिथे तीनशेही माणसं उरत नाहीत. मी फ्रेडोनियाला राहते, गाडीने पंधरावीस मिनिटांवर. माझं लिली डेल मुख्यतः त्या साडेनऊ महिन्यांतलं आहे, आणि त्याबद्दल मला कधी कोणी काही विचारलेलं नाही.

तरी आधी उन्हाळ्याचं सांगते, कारण मी तिथे पहिल्यांदा गेले ती झाडांसाठी. लिओलिन वुड्स हे तिथलं जुनं रान. कुऱ्हाड न लागलेलं असं रान या भागात फार थोडं उरलंय. हेमलॉक, बीच, मेपल, आणि खाली इतकी दाट सावली की भर दुपारी डोळे सरावायला वेळ लागतो. रानाच्या आत एका प्रचंड झाडाचा बुंधा आहे, त्याला इन्स्पिरेशन स्टम्प म्हणतात. पूर्वी मिडियम त्यावर उभे राहून बोलत. आता बुंधा सिमेंटने सांधलाय, भोवती कुंपण आहे, मिडियम पुढ्यात उभे राहतात आणि लोक समोरच्या बाकांवर बसतात. दुपारी एकला आणि संध्याकाळी साडेपाचला. ना छप्पर, ना भिंती. कोणी मेलेल्या नवऱ्याचा निरोप ऐकत असतं आणि बाकाखालून खारीसारखा चिपमंक पळत असतो. या लोकांच्या जाहीरनाम्यात एक तत्त्व आहे, की निसर्गात जे घडतं, दिसणारं आणि न दिसणारं दोन्ही, ते अनंत प्रज्ञेचंच प्रकटीकरण आहे. आणि पुढचं तत्त्व असं, की ते नीट समजून घेऊन त्याप्रमाणे जगणं हाच खरा धर्म. चर्च रानात का भरतं, हा प्रश्न मला ते वाचल्यावर पडला नाही.

आता तुमचा आक्षेप. तो मला पाठ आहे, कारण तो आधी माझाच होता. लिली डेलहून पहिल्यांदा परतल्यावर मी एका मैत्रिणीला लिहिलं होतं की हा दुःखाचा धंदा आहे आणि रान सुंदर असल्यामुळे तो जास्त वाईट आहे. हा पंथ ज्या दोन मुलींच्या खोलीतल्या टकटकीपासून १८४८ साली हाइड्सव्हिलला सुरू झाला, त्यातल्या मार्गारेट फॉक्सने १८८८ साली न्यूयॉर्कच्या भरल्या नाट्यगृहात सांगितलं की आवाज आम्ही पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढत होतो. पुढच्या वर्षी तिने तो कबुलीजबाब मागे घेतला. तेव्हा ती पैशांच्या तंगीत होती, दारूच्या आहारी गेली होती. कुठला जबाब खरा धरायचा? मी पहिलाच धरते. लिली डेलमध्ये हे मी लपवत नाही आणि त्यावरून तिथे मला कोणी दारही दाखवलेलं नाही. फॉक्स कुटुंबाचं ते घर १९१६ साली उचलून इथे आणलं होतं, १९५५ साली ते जळालं. तिथे आता बाग आहे.

पण दुसरी बाजू सांगितली नाही तर तेही खोटंच होईल. ज्या काळी बाईने सभेत तोंड उघडणं लोकांना खपत नव्हतं, त्या काळी इथल्या व्यासपीठावर बायका बोलत होत्या. बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनी इथे येऊन त्यावर बोलून गेल्या. स्टम्पवरच्या संदेशाचे वेगळे पैसे नसतात. वसाहतीत मिडियम म्हणून पाटी लावायची तर परीक्षा द्यावी लागते. बंद दारामागच्या बैठकांना मात्र पैसे पडतात, आणि मूल गेलेली एक तरुण आई एका मिडियमकडून उठून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जाताना मी पाहिली आहे. तिच्याबद्दल मला काहीही समर्थन देता येत नाही. तिथल्या माझ्या लोकांशीही मी त्यावरून भांडले आहे.

आता जे सांगायला इतकी वर्षं टाळलं ते.

२०२२ च्या जुलैत मी स्टम्पवर बसले होते. मिडियमने माझ्याकडे हात केला आणि तिथली रीत आहे तसं विचारलं, "तुमच्याकडे येऊ का?" उत्तर मोठ्याने द्यायचं असतं, त्यांना आवाज ऐकायचा असतो. मी हो म्हटलं. ती म्हणाली, एक वडीलधारे गृहस्थ आलेत, वडीलच, शिक्षक असावेत, छातीचा त्रास होता, ते सांगताहेत की काळजी करू नकोस. मी म्हटलं, "माझे वडील जिवंत आहेत." बाकांवर कोणी हललं नाही. ती क्षणभर थांबली, म्हणाली, "मग मी चुकले," आणि पुढच्या माणसाकडे वळली.

बाबा शिक्षक होते हे तिने बरोबर सांगितलं. पण माझ्या वयाच्या भारतीय बाईचे वडील शिक्षक असण्याची आणि वडिलांची छाती दुखलेली असण्याची शक्यता किती, हे मला कोणी समजावू नये. त्या रात्री मी सांगलीला फोन लावला. बाबा हसले. ते जन्मभराचे विवेकवादी, हायस्कूलमध्ये भौतिकशास्त्र शिकवलेले, दाभोलकरांचा खून झाला त्या आठवड्यात रोज निषेधाला उभे राहिलेले. "त्या बाईला सांग, मी अजून बाजारातून भाजी आणतो," म्हणाले.

आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला बाबा गेले.

तेव्हा आमच्या जवळच्या बफेलोत काय चाललं होतं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंत. हिमवादळात चाळीसहून अधिक माणसं गेली, विमानतळ कित्येक दिवस बंद. बाबांनी देहदान केलं होतं. दादाने त्यांच्या लेखी इच्छेप्रमाणे सगळं केलं: वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली, घेऊन गेली. ना अग्नी, ना राख, ना दहावा. मी फोनच्या पडद्यावर गाडीचं दार बंद होताना पाहिलं. तिकीट मिळालं ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातलं.

लिली डेलच्या चर्चमधल्या एका निवृत्त नर्सने बातमी कळल्यापासून रोज फोन केला. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई. पहिल्या फोनमध्येच तिने विचारलं, "त्यांचं नाव कसं उच्चारायचं ते मला नीट शिकव." रविवारी, १ जानेवारीला, प्रार्थनेत ते नाव घेतलं गेलं. माझ्या मराठी ओळखीच्यांनी मला तोवर "ते आता सुटले" आणि "तू खंबीर राहा" एवढंच सांगितलं होतं. त्यात त्यांचा दोष नाही, आपल्याकडे असंच बोलतात. नाव मात्र कोणी घेतलं नव्हतं.

नर्सने विचारलं, तुमच्यात काय करतात? मी सांगितलं, दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलीय असं मानतात, मग घरचे हात जोडून कबूल करतात की आम्ही हे करू, ते करू. आमच्या घरात यातलं काहीही होत नाही, हेही सांगितलं. ती म्हणाली, "पण तुला करायचंय का?"

मला करायचं होतं. का, ते मला आजही धड सांगता येत नाही.

२ जानेवारीला नवऱ्याने भात शिजवला, वर तीळ घातले. वादळानंतर हवा एकदम उबदार झाली होती, बर्फाचा चिखल झाला होता, तलावावरचा बर्फ करडा पडून कडांना सुटला होता. काठाच्या एका फळीवर मी पानाऐवजी स्टीलच्या ताटलीत पिंड ठेवला. सोबत चर्चमधली आठदहा माणसं आली होती. त्यांत जुलैत माझ्याकडे हात करणारी ती मिडियमही होती. चहाचा थर्मास घेऊन आली होती. ती माझ्याजवळ उभी राहिली.

इकडचे कावळे आपल्यापेक्षा मोठे, मानेला राखाडी रंग नाही, सगळे काळेच. पलीकडच्या झाडावर चारपाच बसले होते. खाली येईनात. अर्धा तास झाला. कोणी घड्याळ पाहिलं नाही, कोणी घसा खाकरून "आता काय" असं सुचवलं नाही. मी हात जोडले आणि मराठीत मोठ्याने म्हटलं, बाबा, आईला मी इकडे ओढून आणणार नाही, ती तिच्या घरीच राहील. कावळे हलले नाहीत. मी म्हटलं, दादाशी जमिनीवरून भांडणार नाही. काही नाही. मग नर्स आपल्या इंग्रजीत झाडाकडे बघून म्हणाली, "साहेब, तुमच्या मुलीचे बूट भिजलेत. आता या." तेव्हा मी रडले. त्या दहा दिवसांत पहिल्यांदा.

शेवटी एक ब्लू जे आला, दोन दाणे उचलून उडाला. तो कावळ्याच्याच कुळातला पक्षी आहे. यापेक्षा जास्त काही मी त्याबद्दल म्हणणार नाही.

तुम्ही मला विचारता की तिथे मेलेले बोलतात का. मला त्या दिवसाचं जे लक्षात आहे ते हे, की त्या मिडियमने मला एकही निरोप दिला नाही. तिला किती सोपं होतं! मी तेव्हा काहीही ऐकून घेतलं असतं, कशालाही हो म्हटलं असतं. तिने चहा ओतला, ताटली विसळायला मदत केली आणि घरी गेली.

नंतर तिथल्याच एका गृहस्थाने मला समजावलं की बघ, जुलैत ती चुकली नव्हती, पलीकडे काळाचा हिशोब आपल्यासारखा नसतो. मी संतापले. जिवंत माणसाला मेलेला म्हणायचं आणि तो पाच महिन्यांनी मेला की भविष्य खरं ठरलं म्हणायचं, हे मी चालवून घेणार नाही. तसं तोंडावर सांगितलं. पुढच्या रविवारच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, त्याने माझ्यासाठी बिनमांसाचा वेगळा रस्सा करून आणला. आमचं त्या मुद्द्यावर अजून जमलेलं नाही. आम्ही एकाच टेबलावर जेवतो.

तिथलं वर्ष असंच जातं. सप्टेंबरात पाहुणे गेले की आसपासच्या द्राक्षमळ्यांतून काँकर्ड द्राक्षांचा वास येऊ लागतो, रस्त्याने जाताना गाडीच्या बंद काचांतूनही आत शिरतो. साधारण तेव्हाच आपला पितृपक्ष. ऑक्टोबरात पानं गोळा करायची, म्हाताऱ्यांच्या खिडक्या बंद करून द्यायच्या. नोव्हेंबरात ईरी सरोवरावरून बर्फाचे पट्टे सुरू होतात, मग कोणाच्या दारातला बर्फ कोणी काढायचा ते ठरलेलं असतं. मार्चमध्ये मेपलचा चीक उतरवायचा. आणि या सगळ्या कामांत गेलेल्या माणसांबद्दल सहज बोललं जातं, जसं आपण परगावी असलेल्या भावाबद्दल बोलतो. तिथे कोणी विषय बदलत नाही. मला हे दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही, मंडळात नाही, कामावर नाही, खरं सांगायचं तर घरीही नाही.

यावर बाबा काय म्हणाले असते ते मला नेमकं माहीत आहे. म्हणाले असते, सोबत पाहिजे तर सोबत घे, त्यासाठी खोट्याला डोक्यावर कशाला घेतेस? आणि माझा पिंड ठेवायचा तुला काय अधिकार होता? पहिल्या प्रश्नाला मी म्हणते की ही सोबत त्या श्रद्धेशिवाय उभीच राहिली नसती. मेलेले कायमचे गेले असं मानणारी आमच्यासारखी माणसं दहाव्या दिवशी घरात बसून राहिली, हे मी पाहिलंय. पण ज्या श्रद्धेने ही माणसं तलावाकाठी आणली त्याच श्रद्धेने ती तरुण आई दारोदार फिरवली, हेही खरं. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दादाला मी पिंडाचं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांना आवडलं नसतं." मी म्हटलं, माहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात स्टम्पवर दुसऱ्याच एका मिडियमने माझ्याकडे हात केला. "तुमच्याकडे येऊ का?" मी म्हटलं, नको. इथे नको म्हणायची मुभा असते, कोणाला राग येत नाही. फोनवर आईला सांगितलं. पन्नास वर्षं विवेकवाद्याशी संसार केलेली माझी आई म्हणाली, "ऐकून तरी घ्यायचंस." मी म्हटलं, आई, ते खरं नसतं. ती म्हणाली, "मला कुठे म्हणायचंय की खरं असतं? पण माझं नाव घेतलं असतं का ते तरी कळलं असतं." यावरून आम्ही दोघी अजून भांडतो आहोत. जूनमध्ये फाटक उघडेल तेव्हा ती इकडेच असेल, यंदा पहिल्यांदाच, तीन महिन्यांसाठी, स्वतःच्या इच्छेने. आणि तिने मला आत्ताच बजावून ठेवलंय की त्या बाकावर ती बसणार.