माझी पहिली किशोर कादंबरी: ओंकार, लिफ्ट आणि पेन्सिलची रेघ

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. परळच्या दवाखान्यात माझ्याकडे मुख्यतः दहा ते सोळा वयाची मुलं येतात. या वयाच्या मुलांसाठी कादंबरी लिहायची हे बरीच वर्षं मनात होतं. लिहायला बसले तेव्हा चार महिन्यांत पहिला खर्डा हातावेगळा झाला. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

खर्डा वाचताना एका मुलाच्या वर्णनापाशी हात थांबला. त्याची एक सवय मी जशीच्या तशी उतरवली होती. नाव बदललं होतं, शाळा बदलली होती, पण त्याच्या आईने ते पान वाचलं असतं तर तिने मुलाला लगेच ओळखलं असतं. (ती सवय इथेही सांगत नाही.) मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 मध्ये रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क आहेच, पण कायदा नसता तरी मी ते पात्र काढलंच असतं. परवानगी मागावी, असं एका मैत्रिणीने सुचवलं. मला ते पटलं नाही. जे मूल माझ्याकडे उपचाराला येतं, ते मला मनापासून नाही कसं म्हणणार? दोन पात्रं काढून टाकली आणि ओंकार नव्याने रचला. लालबागच्या चाळीत वाढलेला, पुनर्विकासानंतर बाविसाव्या मजल्यावर राहायला गेलेला, लिफ्टला घाबरणारा.

मग दादरच्या एका ग्रंथालयात सहावी ते आठवीची पाच मुलं वाचायला बसली. सातवीतल्या एका मुलीने एका परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलने उभी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘इथे ताई बोलतायत.’ तिचं बरोबर होतं. त्या जागी शाळेतल्या समुपदेशक बाई अर्धं पान चिंता म्हणजे काय ते समजावत होत्या. तो आवाज माझाच होता.

तो परिच्छेद मी सात-आठ वेळा लिहिला. शेवटी बाई गेल्याच. आता ओंकार लिफ्टमध्ये शिरतो, ओल्या तळव्याने दांडी धरतो आणि नवव्या मजल्यावर बाहेर पडतो. जिन्यात त्याला हायसं वाटतं. दुसऱ्या दिवशी तो पाचव्यालाच उतरतो. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं आणि म्हणूनच भीती वाढत जाते, हे मी दवाखान्यात रोज सांगते. इथे ते सांगायची गरजच उरली नाही. पुढे आजी त्याच्याबरोबर लिफ्टने जाते. आधी एकच मजला. छातीतली धडधड ओसरेपर्यंत दोघं पुन्हा पुन्हा तोच मजला वर-खाली करतात, मग दुसऱ्या मजल्याची पाळी. आमच्या उपचारातही असंच पायरीपायरीने जातात, पण आजीला ते ठाऊक नाही.

ओंकारच्या मित्राच्या मनात जीव द्यायचे विचार येतात, तो भाग सगळ्यात जपून लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी दिलेल्या सूचना समोर ठेवल्या. मार्ग किंवा साधन यांचं वर्णन नाही, त्या विचाराला वलय नाही. ओंकार मित्राचं गुपित राखत नाही, तो वर्गशिक्षकांना सांगतो. शेवटच्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा 1098 हे दोन्ही क्रमांक दिलेत.

एका प्रकाशकांनी हस्तलिखित आठ महिने ठेवलं आणि प्रत्येक प्रकरणाखाली बोध घालायला सांगितला. मी ते परत आणलं. दुसऱ्यांनी आहे तसं घेतलं. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) वगैरे सगळं त्यांनीच पाहिलं, तो सरकारी यंत्रणेकडून विनाशुल्क मिळतो.

पुस्तक मी दवाखान्यात ठेवलेलं नाही. समोर बसलेल्या मुलाच्या मनात ‘या माझंही लिहितील का?’ असं आलं, तर ते बोलायचं थांबेल. कुणी विचारलंच, तर ग्रंथालयाचा पत्ता देते.