सातात भाग जात नाही

आमचा ऑफिसचा ग्रुप सात जणांचा, शुक्रवारी थाळी खायला जातो आणि बिल वाटायचं काम कायम माझ्याकडे, का तर मी कॉमर्सवाला. परवा बिल झालं १३५०. मोबाईलवर भागिले सात केलं, १९२.८५७१४२ आणि पुढे शेपूट. त्याआधीच्या शुक्रवारी १५८० झालं होतं, ते ग्रुपवर होतंच, तेव्हा आले होते २२५.७१४२८५. नीट बघा, पॉइंटनंतर तेच सहा आकडे, फक्त रांगेत पुढेमागे उभे.

झालं, हात धुवायच्या आधीच नाद लागला. मूळ आकडा १४२८५७, म्हणजे एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. दुप्पट करा, २८५७१४. तिप्पट, ४२८५७१. सहापट, ८५७१४२. तेच भिडू, तोच फेर, सुरुवात तेवढी वेगळ्यापासून. आणि सातपट केली की एकदम ९९९९९९, मला आधी वाटलं बटण अडकलं.

यात जादू वगैरे काही नाही, शाळेतल्या भागाकारातलंच आहे. कागदावर १ ला सातने भागत बसा, बाकी उरते ३, मग २, ६, ४, ५ आणि परत १, की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनला. सातने भागल्यावर शून्य सोडून उरून उरून बाकी सहाच प्रकारची उरणार आणि त्या सहाही एकाच माळेत ओवलेल्या, त्यामुळे बिल कितीही होऊ दे, सातचा भाग गेला नाही की आपण त्याच माळेत कुठेतरी शिरतो. तेराला हे जमत नाही हं, त्याच्या दोन वेगळ्या माळा होतात. वर्षाचे ३६५ दिवस सातने भागले तरी ५२.१४२८५७, म्हणून तर वाढदिवस दरवर्षी एक वार पुढे सरकतो (लीप वर्ष मध्ये आलं की दोन).

देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, ६१७४ या आकड्याला ज्यांच्या नावाने ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात ते गणिती, त्यांच्या नावाच्या संख्यांमध्येही हा १४२८५७ गडी बसतो. वर्ग केला की २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९, बेरीज करा, परत १४२८५७! मी हे कागदावर दोनदा करून बघितलं, तोवर ताक गरम झालं. अंकांची बेरीज २७ आणि २७ ने भागही जातो, अशा संख्यांना कापरेकरांनी हर्षद म्हटलं, हर्ष देणाऱ्या. एका शाळामास्तरने आकड्याला असं नाव ठेवावं हे मला त्या वर्गाच्या गमतीपेक्षाही जास्त आवडलं.

असो. प्रत्येकी १९३ सांगितले, १३५१ जमले. आधीच्या वेळी २२६ घेतले होते, तेव्हा दोन वर आले होते. आता ग्रुपवर रोज एक जण विचारतोय, तीन रुपये कुठे गेले.