उलार ट्रेलर: झोला थांबवताना काय काय मोजलं

बैलगाडीत मागच्या बाजूला पोती जास्त झाली की दांडी वर उचलते, गाडी उलार होते. ट्रॅव्हल ट्रेलरचं, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचंही तेच होतं. फरक इतकाच, की त्याची दांडी हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) बॉलला जखडलेली असते, त्यामुळे ती उचललेली दिसत नाही. दिसतात ते झोले. वेग ताशी 60 मैलांवर गेला, शेजारून मोठा ट्रक निघून गेला, की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. वेग जास्त असेल तर पुढचा झोला आधीच्यापेक्षा मोठा येतो.

माझा ट्रेलर बाहेरून 20 फुटी, एका आक्सलचा. बॉलपासून आक्सल 13 फुटांवर. ओढायला तीन रांगांची एसयूव्ही: टोइंग क्षमता 5,000 पौंड, हिचवर उभं वजन जास्तीत जास्त 500 पौंड. डेन्व्हरहून आय-25 ने वायोमिंगकडे जाताना आडव्या वाऱ्यात तो हलायला लागला. 'सरळ स्वे बार (झोला अडवणारा दांडा) लावून टाक' हा सल्ला सगळीकडून मिळतो. पण वजन न मोजता बार लावणं म्हणजे आधी कळस मग पाया. उलार ट्रेलरचा झोला बार काही काळ दाबून ठेवतो, कारण मात्र तिथंच राहतं.

म्हणून पहिलं काम टंग वेट. बॉलवर येणारं हे वजन भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवं. एक आक्सल आणि वाऱ्याचा रस्ता असेल, तर मी 12 च्या खाली जात नाही. ब्रोशरमधला आकडा इथं बिनकामाचा, कारण तो रिकाम्या ट्रेलरचा असतो. घरी मोजायला बाथरूमचा वजनकाटा आणि एक भक्कम फळी पुरते. फळीचं एक टोक पाइपच्या तुकड्यावर, दुसरं काट्यावर, मध्ये अंतर 3 फूट. ट्रेलरचा जॅक पाइपपासून 1 फुटावर टेकवायचा आणि काट्याचा आकडा तिपटीनं घ्यायचा. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करायचं, चाकांना अडण लावायची आणि ट्रेलर ओढताना असतो तितक्याच उंचीवर ठेवायचा.

आकडा आला 290. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रक तोलायच्या काट्यावर) ट्रेलरचं एकूण वजन 3,640. म्हणजे जेमतेम 8 टक्के.

चूक शोधायला त्रैराशिक पुरलं. पाण्याची टाकी 31 गॅलनची, काठोकाठ भरलेली. गॅलनला 8.34 पौंड धरून 258 पौंड, आणि टाकीचा मध्य आक्सलच्या 3 फूट मागे. 258 गुणिले 3 भागिले 13: टंगवरून 60 पौंड गेले. मागच्या बंपरवर रॅक आणि दोन इ-बाइक मिळून 155 पौंड, आक्सलपासून 9 फूट मागे. तिथं 107 गेले. पाण्याच्या टाकीपेक्षा दोन सायकलींनी जास्त नुकसान केलं, कारण इथं वजनापेक्षा अंतर महाग पडतं.

पाणी काढलं, बाथरूमपुरतं थोडं ठेवलं. रॅक घरी राहिला. सायकलींच्या बॅटऱ्या काढून सायकली ट्रेलरच्या आत, आक्सलच्या जरा पुढे, पट्ट्यांनी बांधल्या. आता एकूण 3,360 आणि टंग 460: 13.7 टक्के. मागच्या स्वयंपाकघराच्या कपाटातला कुकर, तांदूळ, आट्याची 20 पौंडी पिशवी असला ऐवजही मध्ये जमिनीवर आणून ठेवावा. मात्र मागचं वजन तसंच ठेवून नाकाशी टूलबॉक्स लादून टक्केवारी जुळवू नये. आकडा बरोबर येतो, पण दोन्ही टोकं जड झालेला ट्रेलर एकदा वळायला लागला की आवरत नाही. जड सामान आक्सलच्या आसपास, किंचित पुढे आणि खाली.

इथं दुसरी गाठ लागते. 460 म्हणजे 500 च्या मर्यादेला खेटून. 5,000 ची क्षमता जाहिरातीत दिसते, पण 13 टक्क्यांनी हिशेब केला तर 500 पौंडांचं हिच 3,850 च्या ट्रेलरलाच पुरतं. शिवाय ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा पिवळा स्टिकर: माझ्या गाडीत माणसं आणि सामान मिळून 1,260 पौंड. चार माणसं 560, टंग 460, वजन वाटणारं हिच 80. उरले 160. गाडीतला कूलर आणि बॅगा त्यातच बसवायच्या.

मग हिच. बॉलवर 460 आले की एसयूव्हीची शेपूट बसते, नाक उचलतं आणि स्टीयरिंग हलकं लागतं. वेट डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे वजन वाटणाऱ्या हिचचे स्प्रिंग बार ते वजन परत पुढे ढकलतात. (काही एसयूव्हींच्या मॅन्युअलमध्ये असं हिच वापरू नका म्हटलेलं असतं. ते आधी वाचावं.) कॅट स्केलवर तीनदा वजन केलं. एकटी गाडी: पुढे 2,560, मागे 2,480. ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे 2,360, मागे 3,140, ट्रेलरचं आक्सल 2,900. बार लावून: 2,500, 2,920, 2,980. पुढून गेलेल्या 200 पैकी 140 परत आले. किती परत यायला हवेत ते गाडीच्या आणि हिचच्या मॅन्युअलप्रमाणे ठरतं. कमी पडलं, तर हिचच्या डोक्यात एक वॉशर वाढवून त्याचा कल मागे घ्यायचा. घरी टेपनं पुढच्या चाकाच्या कमानीची उंची मोजून जवळपास पोहोचता येतं, शिक्का मात्र काट्याचा. हे सगळं करताना ट्रेलर सपाट किंवा नाकानं किंचित खाली हवा. नाक वर राहिलं, तर बॉल माउंट खालच्या भोकात घ्यायचा.

घर्षणाचा स्वे बार शेवटी लावला. त्याच्या पट्ट्यांना तेल किंवा रंग लागू द्यायचा नाही. रिव्हर्स घेण्याआधी तो काढायचाच, नाहीतर वाकतो. पावसात त्याची पकड कमी होते, त्यामुळे त्याच्या भरवशावर वेग वाढवू नये.

टायरकडे लोक पाहत नाहीत. ट्रेलरच्या एसटी (स्पेशल ट्रेलर) टायरमध्ये थंड असताना बाजूवर छापलेला कमाल दाब भरायचा. माझे लोड रेंज डी (भार पेलण्याची श्रेणी), 65 पीएसआय. मऊ टायरची भिंत लचकते आणि तिथूनच डोलणं सुरू होतं. एसयूव्हीच्या मागच्या टायरचा दाबही स्टिकरप्रमाणे पूर्ण हवा. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. सहा वर्षांवरचे टायर मी नक्षी शाबूत असली तरी बदलतो.

ब्रेक कंट्रोलर गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवतो. त्याचा गेन, म्हणजे ब्रेकचा जोर, रिकाम्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर लावायचा. 25 मैलांच्या वेगात फक्त कंट्रोलरचा हाताचा खटका पूर्ण दाबायचा. ट्रेलरची चाकं घासटली तर गेन कमी, ओढ जाणवली नाही तर जास्त. चाकं अडायच्या जरा अलीकडे थांबायचं. तो खटका डोळे मिटून सापडला पाहिजे. झोला सुरू झाला, तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टीयरिंग सरळ धरायचं आणि खटक्यानं फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलर मागून ढकलतो आणि झोला वाढतो. स्टीयरिंग उलटं फिरवलं तर आपला प्रत्येक झटका त्यात भर घालतो. वेग वाढवून ट्रेलर 'ताणायचा' जुना सल्ला तर ऐकूच नये. गाडीत ट्रेलर स्वे कंट्रोल (झोला आवरणारी यंत्रणा) असेल तर ते चालू ठेवावं.

आता सपाटीवर 62 मैल, कोलोरॅडोतल्या आयझनहावर बोगद्यानंतरच्या उतारावर त्याहून बरंच कमी, खालच्या गिअरमध्ये. वायोमिंगच्या आय-80 वर हलक्या आणि उंच वाहनांना बंदीची पाटी लागली, तर टंग वेट कितीही बरोबर असलं तरी मुक्काम. परतताना वापरलेल्या पाण्याची टाकी आधी डंप स्टेशनवर (सांडपाणी सोडायच्या जागी) रिकामी करतो. तीही आक्सलच्या मागेच आहे, आणि 25 गॅलन भरली की 208 पौंड होतात.