शेवटच्या माणसाची चाल

डोंगरात चालायला किती वेळ लागेल याचा एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. हिशेब चांगलाच आहे, पण तो धडधाकट माणसाचा आणि बऱ्या वाटेवरचा. आडबाजूच्या धबधब्याच्या पायथ्याशी जायला मुळात वाटच नसते. ओढ्याचं पात्र असतं, त्यात गडगडत आलेले धोंडे असतात, धोंड्यांवर शेवाळ असतं. त्यात माणसांचं टोळकं असलं की नेस्मिथसाहेबांनीही हात टेकले असते. टोळक्याचा वेग सरासरीवर ठरत नाही, तो सगळ्यात मागचा माणूस ठरवतो.

तो माणूस बहुतेक वेळा मी असते, त्यामुळे पुढचं जरा अधिकाराने सांगते. पुढचे मध्येच थांबतात. पाणी पितात, बुटांच्या नाड्या आवळतात, फोटो काढतात. तेवढ्यात मागचा धापा टाकत पोहोचतो. त्याला बघून सगळ्यांना हायसं वाटतं आणि "आलीस? चला!" म्हणत सगळे उठतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना दहा मिनिटं, आणि जिला होती तिला काहीच नाही. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, त्यामुळे भांडताही येत नाही. जाणता लीड, म्हणजे टोळक्याचा म्होरक्या, असला तर शेवटच्या माणसाने सॅक खाली ठेवल्यावरच तो घड्याळ बघायला लागतो. असे लीड थोडे.

आवाज मात्र धबधब्याच्या कितीतरी आधी भेटतो. घळीत तो कातळांवर आपटत येतो, त्यामुळे डावीकडे वाटणारा धबधबा उजवीकडे निघतो आणि "आलंच, त्या वळणापलीकडे" हे वाक्य तीन-चार वळणं पुरतं. तोवर हातांचेही पाय झालेले असतात.

हे धोंडे येतात कुठून? पुष्कळ धबधब्यांत वरचा कठीण थर तग धरतो आणि खालचा मऊ थर पाणी कोरून काढतं. मग आधार सुटलेला वरचा कातळ कोसळतो आणि धबधबा तेवढा मागे सरकतो. म्हणजे आपण ज्यांच्यावरून खरचटत जातो ते धबधब्याचेच जुने काठ, आणि ही घळ म्हणजे त्याच्या माघारीची वाट. नायगारा असाच बारा हजार वर्षांत सुमारे अकरा किलोमीटर मागे गेला. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. माझ्याहून हळू चालणारं कुणीतरी आहे, आणि सगळे त्यालाच भेटायला निघालेत.

ओढा ओलांडताना पुढचे-मागचे हा भेद गळून पडतो. पाण्याला ओढ असेल तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे तोल गेलाच तर ती झटकन टाकून देता येते. एकमेकांना घट्ट धरायचं आणि वजनदार माणसाला प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभं करायचं. एरवी वजनावरून टोमणे खाणाऱ्याला इथे काय भाव येतो! पाणी एकाएकी गढूळ होऊन चढायला लागलं, तर वर कुठेतरी पाऊस झालाय असं समजायचं आणि मुकाट्याने उंच जागा गाठायची.

धबधब्यापाशी पोहोचल्यावर करण्यासारखं फारसं काही नसतं. थोडा वेळ पडत्या पाण्याकडे टक लावून बघायचं आणि मग नजर बाजूच्या कातळावर न्यायची. कातळ वर सरकताना दिसतो. रॉबर्ट अ‍ॅडम्स याने हा भास १८३४ साली स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी नोंदवला. आमच्यातल्या निम्म्यांना तो दिसतच नाही, कारण ते पाण्याकडे पाठ करून फोटोसाठी उभे असतात.

परतीचा हिशेब फारच कमी जण करतात. जिमी एंजल याचं विमान १९३७ मध्ये व्हेनेझुएलातल्या, आज त्याचं नाव मिरवणाऱ्या धबधब्याच्या माथ्यावरच्या पठारावर उतरलं ते चिखलात रुतलंच. तो, त्याची बायको आणि दोन सोबती अकरा दिवस चालून खाली पोहोचले. आपली परतीची वाट एका दिवसाची, पण गुडघ्यांना ते पटत नाही. चढताना छाती भरून येते. उतरताना प्रत्येक पावलाला मांड्या शरीराला मागे ओढून धरतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिन्यावर दुखतं ते उतरणीचं. सकाळी उड्या मारणारे आता घसाऱ्यावर बसून सरकत असतात.

अंधार पडता पडता सपाटी लागते आणि लीड डोकी मोजतो. एक कमी. पुन्हा मोजतो, पुन्हा एक कमी. सगळे माझं नाव घेऊन हाका मारतात, मी तर त्याच्या शेजारीच उभी असते. शेवटी कुणीतरी विचारतं, "अरे, तू स्वतःला धरलंस का?"