बर्जी लावायची कुठे? निशाणांच्या कामाची ताजी नोंद

माझ्या शिडाच्या नौकेवरचं हंगामाआधीचं दोऱ्यांचं काम उरकलं. उजव्या स्प्रेडरला (डोलकाठीवरच्या आडव्या दांडीला) आता दोन हॅलियार्ड, म्हणजे निशाण चढवायच्या दोऱ्या, डाव्याला एक, आणि मागच्या कठड्यावर एन्साइनसाठी, म्हणजे नौकेचा देश सांगणाऱ्या निशाणासाठी, नवी काठी. उजवीकडे दोन कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी हा खुलासा.

बर्जी म्हणजे नौकानयन क्लबचं निशाण. तिचा परंपरेचा मान डोलकाठीच्या टोकाचा. पण तिथे आता वारा मोजणारं यंत्र, व्हीएचएफ रेडिओचा अँटेना आणि दिवा यांनी ठाण मांडलंय. लांब काठीला बांधून बर्जी या सगळ्यांच्या वर नेता येते. फक्त ती काठीला गुंडाळली जाऊन यंत्रात अडकणार नाही, याची हमी कोणी द्यायची? म्हणून बरेच जण तिला उजव्या स्प्रेडरवर उतरवतात. आपल्या पाण्यात हे निभावतं. दुसऱ्या देशात शिरलं की पंचाईत, कारण तीच जागा सौजन्य-निशाणाची, म्हणजे पाहुण्या नौकेने मान म्हणून लावायच्या यजमान देशाच्या निशाणाची. त्याच दोरीवर त्याच्या वर काही लावायचं नाही, आणि बर्जीच्या वरही काही लावायचं नाही. म्हणजे एका दोरीवर दोघांचा संसार होणं अशक्य. बर्जी डावीकडे हलवणारे आहेत, जुने खलाशी त्यावर नाक मुरडतात. मी दुसरी दोरी ओवली: बाहेरची यजमानाची, आतली बर्जीची.

सौजन्य-निशाण निवडताना त्या देशाचं समुद्री निशाण बघा. ब्रिटनच्या पाण्यात लाल एन्साइन लावतात, युनियन जॅक नाही. ते चढवायचं कधी, यावर दोन रिवाज आहेत. ब्रिटिश पद्धतीत त्या देशाच्या सागरी हद्दीत शिरताच. अमेरिकी पद्धतीत आधी ‘क्यू’ अक्षराचं पिवळं संकेत-निशाण, आणि तपासणी होऊन परवानगी मिळाली की क्यू उतरवून सौजन्य-निशाण. क्यूचा अर्थ ‘माझ्या नौकेवर रोगराई नाही, बंदरात येऊ द्या’ असा आहे. त्यामुळे परवानगीनंतरही ते फडकत ठेवणं म्हणजे शुद्ध विसराळूपणा.

एन्साइनचं माप अमेरिकी ठोकताळ्याने घेतलं: नौकेच्या दर फूट लांबीला एक इंच. माझी नौका ३० फुटांची, म्हणून निशाणाची लांबी ३० इंच. काठीवर भलतंच मोठं दिसतं, पण त्याहून लहान असलं की दुरून रुमाल वाटतो. बंदरात सकाळी ८ ला चढवायचं, सूर्यास्ताला उतरवायचं. ब्रिटिश रिवाजात १ नोव्हेंबर ते १४ फेब्रुवारी सकाळचे ९, आणि उन्हाळ्यात सूर्य कितीही रेंगाळला तरी रात्री ९ ला खाली. शर्यतीत एन्साइन लावत नाहीत. ते वर गेलं की बाकीच्यांनी समजावं, ही नौका शर्यतीतून बाहेर.

आता खास प्रसंगी नौका सजवायची संकेत-निशाणांची माळ. अक्षरांची २६, आकड्यांची १० आणि पुनरावृत्तीची (आधीचं निशाण पुन्हा वाचा असं सांगणारी) ३, एकूण ३९. अमेरिकी क्रमात दोन अक्षरं आणि मग आकड्याचं किंवा पुनरावृत्तीचं एक लांबट निशाण अशी तिकडी असते: ए-बी-२, यू-जे-१, के-ई-३... तिकड्या बरोबर १३ होतात, काही उरत नाही! क्रम असा ठरलेला असल्याने माळेतून नकळत कुठला संदेशही जात नाही. राष्ट्रीय निशाण मात्र या माळेत ओवायचं नाही, आणि माळ नांगरावर किंवा धक्क्याला असतानाच लावायची.

माळेत जोडायच्या क्लिपा अर्ध्याच निशाणांना शिवून झाल्यात. लांबट निशाणांच्या पट्ट्या अरुंद असल्याने तिथे सुई फार त्रास देते. जाड सुई आणि मेणाचा दोरा वापरून कोणी केलं असेल तर सांगा.