तुम्ही विचारलंत म्हणून: हरणासाठी कुठलं रिव्हॉल्व्हर?

ओहायोतल्या आमच्या मराठी मंडळींत मी शिकारीला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे दिवाळीच्या फराळाला कुणी ना कुणी विचारतंच, "दुर्बीण लावलेलं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न उरलेला नाही. इथे मात्र परवाना आणि ठरलेला हंगाम आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो. हँडगनसाठी, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी, नियम असा, की नळी निदान ५ इंच हवी, काडतूस सरळ भिंतीचं (तोंडाशी निमुळतं न होणारं) आणि .३५७ इंच व्यासाचं किंवा त्याहून मोठं.

.३५७ मॅग्नम नियमात बसतं, पण नवख्याला मी ते सुचवत नाही. गोळी जरा इकडेतिकडे लागली तर हरीण जखमी होऊन झाडीत शिरतं आणि रात्रभर तडफडतं. उलट .४५४ किंवा .५०० घेतलंत, तर धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच हात दचकतो. १९५५ चं .४४ मॅग्नम मधलं आहे. त्याची २४० ग्रेनची (सुमारे साडेपंधरा ग्रॅमची) गोळी इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरून उरते.

माझ्याकडे रूगर कंपनीचं सुपर रेडहॉक आहे, साडेसात इंची नळीचं. दुर्बिणीच्या कड्या बसवायच्या खाचा त्याच्या सांगाड्यातच कोरलेल्या आहेत, म्हणून घेतलं. दुर्बिणीशिवायच दीड किलोचं आहे. जड वाटेल, पण ते वजनच धक्का गिळतं.

दुर्बीण कशाला, असंही विचारतात. चाळिशी लागली की नळीवरची नेम धरायची मागची खाच, पुढची माशी (छोटा खुंट) आणि हरीण ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. संध्याकाळच्या उजेडात तर माशी सापडतच नाही. दुर्बिणीत नेमाची फुली आणि हरीण एकाच पातळीवर दिसतात. मात्र ती हँडगनचीच घ्या, हात लांब करून धरल्यावर चित्र पूर्ण दिसेल अशी. रायफलची दुर्बीण डोळ्यापासून तीन-चार इंचांवर धरावी लागते. रिव्हॉल्व्हरवर ती लावलीत तर भुवई फुटेल. आणि २ पट पुरे. दुकानदार ८ पटीची दाखवेल, पण त्यात हरणाबरोबर तुमच्या हाताचा कंपही आठपट होतो.

हे मी कागदी थाळीवर शिकलो. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा साधारण त्या थाळीएवढीच असते. ५० वारांवर थाळी लावली, उभ्याने नेम धरला, आणि फुली थाळीभर फिरत राहिली. श्वास सोडला तरी थांबेना. मग बसून, कोपर गुडघ्यांवर टेकवून धरलं, तेव्हा कुठे ती मधोमध आली. टेकू घेताना एक सांभाळा. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फुटतो. बोट किंवा मनगट तिथे आलं तर चांगलंच भाजतं, कापतंसुद्धा.

कड्यांचे स्क्रूही तपासत राहा. माझे एकदा धक्क्यांनी ढिले झाले होते. नेम सारखा डावीकडे जायचा आणि मी दोन आठवडे स्वतःच्या हाताला दोष देत होतो.

मागच्या हंगामात सूर्य बुडायला आला असताना ओढ्याकाठी एक मादी आली. अंतर सत्तरेक वार. कान हलवत उभी होती, दुर्बिणीत तिच्या नाकपुडीतली वाफसुद्धा दिसत होती. पण टेकायला जागा नव्हती. फुली खांद्यावरून पोटाकडे सरकायची, परत यायची. मी चापावरून बोट काढलं. ती पाणी प्यायली आणि पलीकडच्या काठाने निघून गेली.

माझी हद्द ५० वारांची आहे. तुमची किती ते कागदी थाळीवर कळेल. विकत घेण्याआधी एखाद्या शनिवारी रेंजवर या आणि माझं चालवून पाहा. कानांची आणि डोळ्यांची संरक्षणं माझ्याकडे जादा आहेत, थाळ्या तुम्ही आणा.